फुलांआडचे पोलाद

नववर्षाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहरात फुलांनी सजविलेल्या वाहनांची मिरवणूक काढण्याची प्रथा १८९० सालची आहे. रथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुले, पाने, बिया अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकला पाहिजे, असा तिचा दंडक. बहुतेक रथ व्यावसायिक कारागीर उभारतात. परंतु ‘कॅल पॉली’च्या पोमोना आणि सॅन लुइस ओबिस्पो येथील विद्यापीठांचा रथ विद्यार्थीच रचतात. ही परंपरा १९४९ पासूनची. दोन ठिकाणी तयार झालेले भाग पुढे पोमोना येथे जोडले जातात. प्राणी असो वा यंत्र, त्याची अवाढव्य प्रतिकृती प्रथम पोलादी नळ्यांत आणि कांबींत उभी राहते, आणि ती सांधणारे हात विद्यार्थ्यांचे असतात.

या कामात शिक्षण किती आहे, हे पाहण्यासारखे आहे. एखादी वस्तू दसपट मोठी केली की सांध्याचे क्षेत्र शंभरपट होते. वजन मात्र हजारपट वाढते. म्हणजे नमुना नुसता मोठा करून भागत नाही. आधार कोठे द्यावा, याचा नव्याने विचार करावा लागतो. शिवाय रथ स्थिर नसतो. सुमारे नऊ किलोमीटरच्या वाटेवरचे हादरे कच्चा जोड लपू देत नाहीत.

आपल्याकडे १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा विस्तार झाला. तेथील संधाता अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. विद्यार्थी दोन पट्ट्या जोडतो, निदेशक गुण देतात, आणि तो जोड पुष्कळदा भंगारात जातो. सरावाने हात बसतो, हे खरे. परंतु आपल्या जोडावर कोणाचा तरी भार पडणार आहे, ही जाणीव भंगारातून येत नाही. जिल्ह्याच्या संचलनातील चित्ररथ, गणेशोत्सवातील देखावा, शाळेची बाके ही कामे या मुलांच्या हाती का देऊ नयेत?

मिरवणुकीवर पोलाद आणि पैसा कशाला उधळायचा, असा आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. म्हणून सांगाडा पुन्हा वापरता येईल असाच असावा. दुसरा धोका अधिक गंभीर आहे : शिक्षणाच्या नावाखाली फुकटचे मजूर मिळविण्याचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीवर वेल्डिंग करताना निघणारा धूर ताप आणतो. उघड्या डोळ्यांनी पाहिलेली ठिणगी रात्रभर झोपू देत नाही. तेव्हा काळ्या काचेचा मुखवटा, कातडी हातमोजे, मोकळी हवा आणि निदेशकांची तपासणी यांवाचून एकही जोड होता कामा नये. जादा तासांचा मोबदलाही मिळालाच पाहिजे.

एवढे पाळून रथ निघाला, तर त्यावर पुढाऱ्यांच्या नावाआधी संस्थेचे आणि सांधणाऱ्या मुलांचे नाव लिहावे. पांढरपेशा नोकरीकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या समाजाला रस्त्याच्या कडेला उभे राहून ते वाचावे लागेल, आणि ते आवश्यकच आहे.