दोन अक्षरांचे नाव

या पौषात माझ्या भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. आत्या होणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हे. बारशाला बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव आत्याने सांगायचे आणि मग सगळ्या बायांचे पाठीत धपाटे खायचे, असा रिवाज आहे. धपाट्यांची माझी तयारी होती, नावाची नव्हती. कारण वहिनीने पुसदहून, माहेराहून, फोनवर चौदा नावांची यादी धाडली होती. अट एकच : नाव दोन अक्षरी हवे आणि साऱ्या तालुक्यात दुसरे नको.

यादी मी आजीला वाचून दाखवली. विहा, क्रिशा, झिया इथपर्यंत ती गप्प होती. 'मिशा' म्हटल्यावर मात्र सुपातले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "पोरीचं नाव मिशा? अन् पोरगा झाला असता तं दाढी ठेवलं असतं काय व?" मग जरा थांबून, "नाव कोनतंबी ठेवा, पन धुऱ्यावरून एकदा हाक तं मारून पाहा."

आजीची ही कसोटी मला नावांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोलाची वाटते. वावराच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेल ते नाव. जनी, मुक्ता, सई, ठकी ही आपली जुनी नावे आखूडच होती आणि ती दूरवर ऐकू जात. तेव्हा आखूड नाव ही काही आजची टूम नाही. आजची टूम आहे ती 'दुसऱ्या कुणाचे नको' ही. आणि ती टिकत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये बच्चनांच्या घरी नात जन्मली, तिचे नाव आराध्या ठेवले गेले. तेव्हा ते किती वेगळे वाटले होते! आमच्या शेजारच्या अंगणवाडीत आज तीन आराध्या आहेत आणि बाई त्यांना आडनावाने हाका मारतात.

वेगळे नाव ठेवूच नये, असे मी म्हणत नाही. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव पडले. त्या नावामागे एक नदी आहे. 'क्रिशा'मागे काय आहे, हे वहिनीला विचारले तर ती म्हणाली, "ऐकायला छान वाटते." तेवढ्यावर मुलीने साठसत्तर वर्षे काढायची?

आता खरे बोलते. या विषयावर लिहायला मी बसले ती वहिनीच्या यादीमुळे नव्हे, माझ्या काकूमुळे. काकूचे नावही दोनच अक्षरांचे आहे : बेबी. तिच्याआधी घरात तीन मुली होत्या. चौथीसाठी नाव शोधायला कुणाला सवड झाली नाही. दवाखान्यातल्या नर्सने म्हटले तेच शाळेच्या दाखल्यावर चढले. लग्नात परातीतल्या तांदळात काकांनी अंगठीने 'सुरेखा' लिहिले, आणि शिधापत्रिकेवर ती सुरेखा झाली. २०१५ साली काकांनी फवारणीचे औषध घेतले. त्यानंतर एक लाखाच्या मदतीसाठी आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून चढण्यासाठी ती ज्या ज्या टेबलासमोर उभी राहिली, तिथे एकच प्रश्न आला : बेबी कोण आणि सुरेखा कोण? दोन्ही मीच, हे सिद्ध करायला तिला आठ महिने लागले. प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्र झाले, पंच झाले. टेबलामागच्या माणसाचेही मला फार चुकले असे वाटत नाही. त्याच्यासमोर कागदावर खरोखरच दोन बाया होत्या.

सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. ती बातमी वाचताना सगळे हळहळतात. पण 'बेबी' हेही त्याच जातीचे नाव आहे, फक्त त्याला इंग्रजी झबले घातलेले आहे, म्हणून कुणाला खटकत नाही. आणि सासरी जाताना नाव बदलणे तर आपण हौसेने, फोटो काढून करतो! कायद्याने ते कुणावर बंधनकारक नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचे नाव लागते, ही फार चांगली गोष्ट झाली. लग्न झालेल्या बाईपुढे मात्र नवऱ्याचे नाव आणि आडनाव ही जुनीच रीत चालू आहे. निदान तिचे स्वतःचे पहिले नाव तरी परातीत पुसू नये, एवढेच माझे म्हणणे. माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या याला हसतात, हे मला ठाऊक आहे.

तर बारशाचे. आजीच्या आईचे नाव नर्मदा होते. आजीला ते हवे होते, वहिनीला ते लांब आणि म्हातारे वाटत होते. नर्मदेचेच दुसरे नाव रेवा. दोन अक्षरे, तालुक्यात आणखी कुणी असेल तर असो. मी अंगणात उभी राहून एकदा मोठ्याने हाक मारून पाहिली, गोठ्यातल्या गड्याने "कोन आलं?" म्हणून विचारले, म्हणजे आवाज पोचला होता. धपाटे मोजून सतरा बसले.

जन्मनोंद बिननावाची झाली होती, तिच्यात नाव चढवायचा अर्ज काकूच घेऊन बसली. भाऊ म्हणाला, "मी भरतो, काकू." तिने ऐकले नाही. चष्मा पुसून एकेक अक्षर तिने स्वतः काढले आणि माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाली, "मात्रा नीट आली काय, पाहून घे बाई."