'येस सर'च्या पुढे

परदेशी शिक्षणासाठी किंवा नर्सिंगच्या नोकरीसाठी आयईएलटीएस देणारी मुलं-मुली आता आपल्या भागातही बरीच दिसतात. क्लास लावतात, शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि नेमकी तोंडी परीक्षेत अडतात. इंग्रजी कच्चं असतं म्हणूनच असं नाही. आपल्या घरात उत्तर देण्याची रीतच आखूड! 'जेवलास का?' 'हो.' 'ऊट आय्ता?' 'आय्तु.' दोन्ही भाषांत विषय संपला. वडीलधाऱ्यांसमोर चार वाक्यं जास्त बोललं, की 'फार शहाणा झालास' हे ऐकायचंच. या सभ्यतेला मी नावं ठेवणार नाही, पण परीक्षेत ती महागात पडते.

ही परीक्षा जेमतेम ११ ते १४ मिनिटांची. परीक्षक चार गोष्टी पाहतो: बोलण्याचा ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चारींना सारखंच वजन. तुमचं मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. 'डू यू लाइक युवर होमटाउन?' याला 'येस, आय लाइक इट' हे उत्तर बिनचूक आहे. पण त्यात परीक्षकाने तोलायचं काय?

तेच उत्तर असं वाढवता येईल: हो, बेळगाव मला आवडतं, कारण इथे उन्हाळा फार छळत नाही. पावसाळ्यात मात्र कपडे वाळता वाळत नाहीत आणि आई वैतागते. पुण्याच्या मामांकडे जाताना आम्ही कुंदा नेतो, तो संपला की ते पुन्हा आमच्या फेरीची वाट पाहतात. बघा, एक कारण, एक 'पण' आणि घरातला एक प्रसंग. भारी शब्द एकही नाही. पहिल्या भागातल्या साध्या प्रश्नांना एवढं पुरतं, तिथे भाषण ठोकू नये.

दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं. एक मिनिट विचाराला, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. कागद-पेन्सिल देतात, त्यावर वाक्यं लिहीत बसू नका, पाच-सहा शब्द टिपा. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. बोलणं चुकलं म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून. तिसऱ्या भागात त्याच विषयावर चर्चा होते, तिथे कारणं लागतातच. आणि पालकहो, क्लासमधून पाठ करून आणलेली उत्तरं परीक्षकाला लगेच ओळखू येतात, त्यावर पैसे घालवू नका.

आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते वापरा. शाळेतली गंमत आजीला मराठीत आणि शेजारच्या अज्जींना कन्नडमध्ये सांगणारं पोर एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायला आधीच शिकलेलं असतं. तिसरी तऱ्हा इंग्रजीची. रात्री जेवताना एक विषय द्या, भाषा कुठलीही चालेल. मुलगा 'हो' म्हणून थांबला की आईने 'का?' विचारावं, आजोबांनी 'याक?' विचारावं. दुसऱ्या दिवशी तोच विषय इंग्रजीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दोन मिनिटं. मध्ये चुका काढू नका. काढायच्याच असतील तर ताटं उचलल्यावर, आणि त्याही एका वेळी दोनच.