रजेचा हिशेब आणि हिमालयाची चढण

मस्तानीच्या समाधीमुळे इतिहासप्रेमींना ठाऊक असलेल्या आमच्या पाबळातही आता सुट्टीत हिमालयात पदभ्रमणाला जाण्याचे बेत ऐकू येतात. चर्चा होते ती बुटांची, उबदार कपड्यांची आणि खर्चाची. रजेची मात्र होत नाही. आणि नेमकी तीच आधी व्हावयास हवी.

चालणे आम्हांस नवे नाही. आळंदीहून पंढरीस निघालेला वारकरी अडीच-तीन आठवडे चालतो, वाटेत दिवेघाट चढतो, आणि ओझे किती घ्यावे हे त्याला कोणा तज्ज्ञाने सांगावे लागत नाही. त्यापुढची शाळा सह्याद्रीची. शिवनेरी, नाणेघाट, जीवधन हे सारे जुन्नरच्या बाजूस, आपल्या आटोक्यातले. दोन-तीन महिने दर रविवारी पाठीवर आठ-दहा किलोंचे ओझे घेऊन चढावे, आणि विशेषेकरून उतरावे. गुडघे बोलू लागतात ते उतरताना. बूटही येथेच मुरवावेत. कोरे बूट घालून थेट हिमालयात जाणे म्हणजे परीक्षेच्या दिवशी नवा टाक हाती धरण्यासारखे आहे.

परंतु एक धडा सह्याद्रीपाशी नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरांचे. हिमालयात ४,००० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर याला सरावते, पण आपल्या गतीने. ३,००० मीटरांनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा वैद्यकाचा दंडक आहे. दणकट तरुणालाही त्यातून सूट नाही. किंबहुना डोकेदुखी लपवून पुढे रेटणारा बहुधा तोच असतो. डोके दुखू लागले, अन्नावरची वासना उडाली, तर चढणे थांबवावे. तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावे.

आता आपला हिशेब पाहा. आठ दिवसांची रजा, त्यांतले चार आगगाडीत नि मोटारीत. उरलेल्या चारांत शिखर बसवायचे म्हणजे पहिली कात्री लागते ती विश्रांतीच्या दिवसाला. हा हिशेब हजेरीपटावर जुळतो, फुप्फुसांत जुळत नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे ८ गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. अशा मोहिमेला दोनेक महिने लागतात, आणि त्यांतला बराच काळ वर जाऊन पुन्हा खाली येण्यातच जातो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात सापडलेल्या कर्नाटकच्या पथकातील ९ जण दगावले. त्या दुर्घटनेची कारणे येथे बसून ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र आभाळ फिरल्यावर थांबायचे, तर गाठीशी दिवस शिल्लक असावा लागतो.

म्हणून रजेच्या अर्जात दोन दिवस अधिक मागावेत. मुख्याध्यापक वा साहेब कारण विचारतील. वाटेत थांबावे लागले तर थांबता यावे म्हणून, असे स्पष्ट लिहावे. दिवस मिळाले नाहीत, तर त्या वर्षी ३,००० मीटरांच्या आतली वाट धरावी. देवदारांची वने तेथेही आहेत.