शंकरपटाची घडी बसवा

झाडीपट्टीत धानाची मळणी उरकली की शंकरपटाचे दिवस येतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या भागांत दिवसा पट आणि रात्री नाटक, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने तो खंडित झाला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु खटला जिंकला म्हणजे खेळाची घडी बसली, असे कोणी समजू नये.

जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, हजार मीटरांची कमाल मर्यादा, पशुवैद्याची तपासणी, चाबकास बंदी हे सरकारी नियम बैलाच्या रक्षणासाठी आहेत. स्पर्धेची रचना हे खेळणाऱ्यांचे काम आहे. दानीची लांबी गावागणिक बदलली, तर एका पटाच्या सेकंदांची दुसऱ्याशी तुलना कशी करावयाची? शर्यतीसाठीच पोसलेल्या लाखमोलाच्या जोडीसमोर शेतात राबणारी जोडी सोडणे, हा कोणता न्याय? शहरांतील हौशी कार्टिंगही वयाचे व इंजिनाचे गट पाडल्यावाचून चालत नाही. पटातील गट मात्र मंडळाच्या मर्जीवर सोडून कसे चालेल?

कुस्तीने हा प्रश्न पूर्वीच सोडविला. १९६१ पासून चाललेल्या ‘महाराष्ट्र केसरी’साठी जिल्ह्यातील निवडीतून राज्याच्या आखाड्याकडे जाणारी वाट आहे. त्याच कुस्तीने इशाराही दिला आहे: २०२५ साली या एकाच किताबासाठी अहिल्यानगर आणि कर्जत येथे दोन निरनिराळ्या स्पर्धा झाल्या. दोन संघटना झाल्या की किताबाचे मोल उणावते.

म्हणून चंद्रपूर व गडचिरोली येथील पटमंडळांनी प्रथम एकच संघ स्थापावा. दानीची लांबी, वेळ मोजण्याची रीत आणि जोड्यांचे गट त्याने ठरवावेत. प्रत्येक बैलाची नोंद ठेवावी. एका दिवसात जोडी किती वेळा धावेल, यावर बंधन घालावे. हंगामातील उत्तम वेळा नोंदवणाऱ्या मोजक्या जोड्यांनाच जिल्ह्याच्या अजिंक्यपदासाठी बोलवावे, म्हणजे बैलांची गाडीतून वणवण टळेल. राज्याचा विचार त्यानंतर. पुण्याकडील घाटाची शर्यत चढावरची, आपला पट सपाटीवरचा. दोहोंचे अजिंक्यपद एक असू शकत नाही.

अशाने गावच्या पटाची मौज जाईल, अशी शंका काहींना येईल. ती अनाठायी आहे. गावचा पट गावाचाच राहील. ज्याला वर जावयाचे आहे, त्याच्यासाठी पायऱ्या असतील, एवढेच. उलट, शिस्तीवाचून धोका मोठा आहे. न्यायालयाची मान्यता अटींसह आहे. एका मंडळाच्या बेपर्वाईने बैलाचे हाल झाले, तर त्याचे प्रायश्चित्त साऱ्या झाडीपट्टीस घ्यावे लागेल. सात वर्षे ओस पडलेल्या दानी ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे अधिक सांगावयास नको.