देह विकाऊ नाही!

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय महिला कर्करोगाने आजारी पडली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काळ्यांसाठी वेगळा वॉर्ड होता, तिथे तिच्यावर उपचार झाले. तिला न विचारता डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. तिच्या पेशी मात्र वाढतच राहिल्या. 'हेला' नावाच्या या पेशींवर पोलिओची लस तपासली गेली आणि पुढे कंपन्यांनी त्या विकून पैसा केला. कुटुंबाला सुमारे वीस वर्षे याचा पत्ताच नव्हता. एका बड्या कंपनीने वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये!

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. ज्याला माणूस म्हणून किंमत नाही, त्याच्या देहाला मात्र बाजारात किंमत येते, हा विषमतेचा जगभरचा नियम आहे.

काही विद्वान म्हणतात, देह माझा आहे, मग मी तो का विकू नये? चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यातील ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. विक्रीनंतर कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले आणि बहुतेकांचे कर्ज फिटलेच नाही. सावकाराच्या धाकाने दिलेल्या संमतीला स्वातंत्र्य म्हणायचे काय? श्रीमंत माणूस आपले मूत्रपिंड विकताना कोणी पाहिला आहे काय?

आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधानमंडळांच्या ठरावांवरून संसदेने तो केला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या. अवयवांच्या व्यापाराला आता ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. कायदा कडक दिसतो. पण त्याचे कलम १९ पैसे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच तराजूत तोलते. त्यामुळे दलालाने फसविलेला मजूर पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. तक्रार केली तर तोच आरोपी! शिवाय कलम २२ नुसार समुचित प्राधिकरणाच्या तक्रारीवाचून न्यायालय दखल घेत नाही. सामान्य माणसाला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तोवर दलाल मोकळा.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की, राजकीय समता आली तरी सामाजिक व आर्थिक विषमता राहिली, तर लोकशाहीच धोक्यात येईल. एक माणूस दुसऱ्यासाठी सुट्या भागांचे गोदाम होतो, तेव्हा ती विषमता थेट शरीरात शिरलेली असते.

याचा अर्थ आम्ही दानाच्या विरोधात आहोत असे नाही. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात जिवांचा व्यापार आहे. दान मात्र पहिली पारमिता आहे. बौद्ध श्रीलंकेत १९६१ साली स्थापन झालेल्या नेत्रदान संस्थेने हजारो नेत्रपटले परदेशातील अंधांसाठी पाठविली. दान माणसाला माणसाशी जोडते, सौदा त्याला वस्तू करतो. धम्म आणि बाजार यांतला फरक तो हाच!

म्हणून चळवळीने तीन मागण्या लावून धराव्यात. कर्जापायी अवयव विकलेल्या गरिबाला आरोपी न करता साक्षीदार करून संरक्षण द्या. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे आणि ते त्याला वाचून, समजावून सांगितले जावे. काढलेल्या ऊतींवर संशोधन वा धंदा होणार असेल, तर त्याची वेगळी परवानगी घ्या. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन मूर खटल्यात रुग्णाला त्याच्या पेशींवर मालकी नाकारली. पण डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध सांगितलाच पाहिजे, असेही ठरविले. निदान एवढा हक्क आमच्या माणसालाही हवा.

कार्यकर्त्यांनो, वस्तीतला कोणी दवाखान्यात कागदावर अंगठा उठवत असेल, तर तो कागद आधी वाचा!