जांभई विद्यार्थ्याची, दोष खोलीचा

‘पोरं अभ्यासाला बसतात आणि दुपारी दोनला माना टाकतात.’ आपल्या शहरातल्या अभ्यासिकांविषयी ही तक्रार नेहमीची. जागरण, मोबाइल, मेसचे जड जेवण अशी कारणेही तयार असतात. त्यात थोडे तथ्य असेलही. पण बीड, जालना, परभणीहून एमपीएससीच्या तयारीला आलेला मुलगा ज्या खोलीत दिवसाचे दहा-बारा तास काढतो, त्या खोलीच्या हवेकडे कोणी बघत नाही. डोके जड होते, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो आणि बाहेर टपरीवर थोडा वेळ थांबले की बरे वाटते. इमारतीशी जोडलेली ही लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकातच नोंदवली आहेत. तो आळस नव्हे.

चालक म्हणतात, ‘आमची अभ्यासिका एसी आहे, हवा शुद्धच असते.’ हा समज मुळातच चुकीचा आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. वर खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवलेल्या आणि दारावर कागद लावलेला: ‘एसी सुरू आहे, दार बंद ठेवा’. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट असतो. तो साचला, म्हणजे आपण एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा आत घेत आहोत. त्याच हवेतून फ्लू पसरतो, क्षयही पसरतो. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत हजार भागांच्या वर जाऊ नये, असे म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘खिडकी उघडली की रस्त्याची धूळ, जळत्या कचऱ्याचा धूर आणि मे महिन्याचे ऊन आत येते.’ हे खरे आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आपले शहर आहेच. पण म्हणून खोली डबाबंद करणे हा उपाय होत नाही. अभ्यासिकेतल्या कॅबिनच्या नव्या प्लायवूडमधून सुटणारे फॉर्मल्डिहाइड आतच कोंडते. डासांसाठी लावलेली एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ च्या एका संशोधनात आढळले. तो धूरही आतच राहतो. बाहेरची हवा वाईट असेल, तर ती गाळून आत घ्यावी लागते. आतली हवा बाहेर काढणे कोणत्याही ऋतूत टळत नाही.

‘एवढे नियम पाळले तर गरिबाच्या पोराला फी परवडेल का?’ हा तिसरा प्रश्न. तो विचारणाऱ्यांनी शहराजवळच्या वाळूजच्या कारखान्यांकडे पाहावे. कारखाने अधिनियम, १९४८ ने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठरवून दिली. हाच हिशेब वीस बाय तीस फुटांच्या, दहा फूट उंच हॉलला लावला तर तिथे जेमतेम बारा जण बसतील. आपण तिथे किती खुर्च्या मांडतो? अजिंठ्याची चित्रे माणसांच्या श्वासातल्या ओलाव्याने खराब होऊ नयेत, म्हणून लेण्यांत एका वेळी किती जणांना सोडायचे यावर बंधन आहे. ते योग्यच आहे. मग मराठवाड्याच्या मुलांच्या फुप्फुसांसाठी काहीच बंधन नसावे?

मागणी अवास्तव नाही. प्रत्येक अभ्यासिकेत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूने हवा आत येण्याची वाट हवी. सकाळी खोली भरण्याआधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. एसीऐवजी कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि पाणी नियमित बदलावे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. ते सर्वांना दिसेल असे टांगावे आणि आकडा हजारावर गेला की दार उघडण्याचा हक्क विद्यार्थ्याचा असावा. महापालिकेने आगीच्या तपासणीबरोबर हवेचीही तपासणी करावी आणि किती जण बसू शकतात तो आकडा दारावर लिहायला लावावा. पोटाला चिमटा काढून आई-बाप महिन्याची फी भरतात. त्या पैशात खुर्ची आणि वायफाय मिळते, तसा श्वास घेण्याजोगा वाराही मिळायलाच हवा.