थेंबभर पाण्याचा सेमिनार

होस्टेलवर कात्री कधी वेळेवर सापडली आहे? मग आपण काय करतो? कागदाची घडी घालतो, नखाने दाबतो, घडीवरून जीभ फिरवतो आणि सर्रकन फाडतो. कागद अगदी सरळ फाटतो. का फाटतो, हे मी वीस वर्षांत कधी कोणाला विचारलं नव्हतं. फक्त घरी "शी! जीभ काय लावतेस?" एवढं ऐकून घेतलं होतं.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

उन्हाळ्याच्या सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगसाठी पुण्यातल्या एका प्रेसमध्ये पंधरा दिवस गेले. खरं सांगायचं तर सर्टिफिकेटसाठीच गेले होते. दोन दिवस मिरवून सही-शिक्का आणायचा, असा बेत होता. पण मला उभं केलं फोल्डिंग मशीनवर, आणि तिथे होते काका. पहिलं वाक्य, "मॅडम, ओढणी घट्ट बांधा, रोलर कोणाला ओळखत नाही."

फोल्डिंग मशीन म्हणजे काय, तर कागद एका तिरप्या खाचेत शिरतो, शेवटी अडतो, मध्येच बाक घेतो आणि तो बाक खालचे दोन रोलर पकडतात. झाली घडी! ऐकायला सोपं आहे. पण तेव्हा जॉब होता १७० जीएसएम आर्ट पेपरचा, आठ पानांचा कॅटलॉग, आणि घडीवरूनच गडद निळा रंग जात होता. घडी पडली की निळ्यामधून पांढरी रेघ फुटायची. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा चुन्याच्या भुकटीचा लेप असतो, तो ताणला की तडकतो. शिवाय कागदाला ग्रेन असतो. कागद बनताना तंतू बऱ्याच अंशी एका दिशेने झोपतात. त्यांच्या बाजूने घडी घाला, निमूट बसते. आडवी घाला, तंतू मोडतात आणि घडी उसवल्यासारखी दिसते. (कॉमन रूममधला जुना पेपर उभा आणि आडवा फाडून बघा. आजचा नको, मेसवाले ओरडतील.)

यावर काकांचं औषध म्हणजे पाणी. मशीनला एक छोटी जोडणी असते, बाटली, नळी, व्हॉल्व्ह आणि सुईसारखं नोझल. पहिली घडी झाल्यावर कागद पुढे सरकत असतो, तेव्हा नोझल त्याच्या चालीच्या दिशेने पाण्याची बारीक रेष मारतं. मग कागद काटकोनात वळून दुसऱ्या युनिटमध्ये जातो, तीच रेष आता आडवी होते आणि दुसरी घडी नेमकी तिच्यावर पडते. पाण्याने तंतूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात, तंतू फुगून मऊ पडतात, न मोडता वाकतात. म्हणजे आपली जीभच, फक्त मशीनला लावलेली!

नुसतं पाणी मात्र चालत नाही. पाण्याचा पृष्ठताण मोठा (२५ अंशाला मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन), त्यामुळे लेपावर ते थेंब होऊन बसतं. म्हणून त्यात वेटिंग एजंटचे थोडे थेंब टाकायचे. पाणी क्षार काढलेलं हवं, नाहीतर ते नोझलमध्ये साचतात. रेष घडीपासून जराशी सरकली तरी घडी एकीकडे आणि ओल दुसरीकडे. काका आधी एक कागद कोरडा घडी घालून घ्यायचे, तो उघडून घडीवर पेनाने खूण करायचे, आणि मग नोझल त्या खुणेवर आणून स्क्रू आवळायचे.

तिसऱ्या दिवशी काका जेवायला गेले आणि मी शहाणपणा केला. काम लवकर संपावं म्हणून मशीनचा वेग वाढवला. लगेच पांढऱ्या रेघा परत! घाबरून व्हॉल्व्ह भसकन उघडला. मग कागद लाटांसारखे झाले, एक प्लेटमध्ये चिकटला आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्यावर चढले. आवाज ऐकून काका खरकट्या हातानेच धावत आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, कागद पळायला लागला, तर पाण्यालाही पळवायला नको?"

रात्री वहीत मांडून बघितलं. प्रवाह तोच ठेवून वेग दीडपट केला, तर दर मीटरला पाणी दोन तृतीयांशच पडतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला बरे मार्क आहेत बरं का! पण मशीनपुढे ते आठवलं नाही. काकांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते घडी घातलेला फर्मा ट्यूबलाइटखाली तिरपा धरतात, ओलीची चमक कितपत उरली ते बघतात आणि व्हॉल्व्ह केसभर फिरवतात.

मी हाच सेमिनारचा टॉपिक दिला. उत्तर आलं, "फार छोटं आहे, यात इंजिनिअरिंग कुठे आहे?" सरांचा राग नाही, त्यांच्यासमोर साठ टॉपिकचा गठ्ठा होता. पण त्या गठ्ठ्यात आयओटी आणि मशीन लर्निंग किती जणांचं होतं आणि त्यातलं स्वतः हाताळलेलं किती, हे आपण सगळेच जाणतो. मागच्या बॅचची पीपीटी, पहिली स्लाइड बदलली की काम झालं. ती चालते. आणि पृष्ठताण, प्रवाह, कागदाची रचना, रोलरचा वेग हे सगळं एका सुईच्या टोकावर एकत्र येतं, ते मात्र छोटं?

दुसरा आक्षेप होता संदर्भांचा. मी यादीत काकांचं नाव लिहिलं होतं. त्यावर लाल काट आली. पुस्तक चालतं, पेपर चालतो, वेबसाइटसुद्धा चालते, ऑपरेटर चालत नाही. मला हे पटलेलं नाही. रिपोर्टमधली निम्मी माहिती त्यांनी उभ्या उभ्या सांगितलेली आहे. ती मी कोणाच्या नावावर लिहू? माझ्या?

तर टॉपिक पुन्हा द्यायची शेवटची तारीख सोमवार आहे. मी तोच देणार आहे. या वेळी सोबत दोन फर्मे जोडणार, एक कोरडा घडी घातलेला, एक ओला. आणि यादीत काकांचं नाव परत लिहिलं आहे, पेनाने.